दाखल्यासाठी नोंद शोधायला गेले आणि आण्णांची आई सापडली

पत्र:

मावशी, नमस्कार. मी नाशिकला इंदिरानगरला राहते, मूळ गाव निफाड तालुक्यात. आमच्या घरी सध्या कुणबी दाखल्याची शोधाशोध चालू आहे, आणि घरात कॉम्प्युटर मलाच येतो म्हणून सगळं माझ्याच गळ्यात. तहसीलच्या अभिलेख कक्षातून गावच्या कोतवाल बुकाची, म्हणजे जन्म-मृत्यूच्या जुन्या वहीची, नक्कल काढली, मोडीतली पानं होती ती एका जाणकार काकांकडून वाचून घेतली. त्यात मे १९५१ मध्ये एकाखाली एक दोन नोंदी निघाल्या, तारीख एकच. एक बाई, वय २२, आमच्या आजोबांची म्हणजे तात्यांची बायको. दुसरी त्यांची मुलगी, वय ८ महिने. दोघींच्या पुढे कारण लिहिलंय 'पाण्यात बुडोन'. जातीच्या रकान्यात कुणबी. म्हणजे आम्हाला जी नोंद पाहिजे होती ती हीच!

आमच्या आजीचं, बाईंचं, नाव वेगळं आहे आणि बाई तर २००९ ला गेल्या. तात्यांचं आधी एक लग्न झालेलं हे आम्हाला कोणालाच माहीत नाही. मग मी एका जुन्या वाचनालयात त्या महिन्याच्या पेपरच्या बांधलेल्या फायली बघितल्या तर चार ओळींची बातमी मिळाली, 'विवाहितेचा तान्ह्या मुलीसह विहिरीत बुडून मृत्यू, घरगुती त्रासास कंटाळून तिने हे कृत्य केले असे समजते'. आमच्या गावाचं नाव आहे, तात्यांचंही नाव आहे.

पण खरा प्रश्न पुढेच आहे. बाईंच्या लग्नातल्या तांब्याच्या हंड्यावर १९५२ कोरलेलं आहे. आणि माझे मोठे काका, आण्णा, त्यांची शाळेतली जन्मतारीख १ जून १९४८. म्हणजे आण्णा बाईंचे नाहीत. आण्णा आता ७७ वर्षांचे आहेत, बीपी आहे, शुगर आहे, आणि बाई म्हटलं की अजून त्यांचे डोळे भरतात. पप्पा १९५६ चे, त्यांना विचारलं तर म्हणाले गाडलेलं उकरू नको. आण्णांचा मुलगा रोज ग्रुपवर मेसेज टाकतोय की सगळ्या कागदांची पीडीएफ पाठव, मलाही फाईल लावायचीय.

मला रात्री झोप लागत नाही. मोबाईलमध्ये त्या बातमीचा फोटो आहे तो परत परत बघते. तात्या मला सायकलवर बसवून शाळेत सोडायचे, त्यांचा हॉलमधला फोटो आता बघवत नाही, काढून टाकावासा वाटतो. आण्णांना सांगू का नको? आणि तिच्यासाठी आपण काही करायला हवं का? बाईंच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात एक छोटा चांदीचा टाक असायचा, देवीचा आहे म्हणायच्या, तो आमच्या देव्हाऱ्यात आहे, त्यापुढे बसले की रडूच येतं.
– तुमची वाचक, नाशिक

उत्तर:

अगं, आधी तो फोटो मोबाईलमधून काढून पेनड्राईव्हवर टाक, नाहीतर एक प्रिंट काढून पाकिटात घालून कपाटात ठेव, पण उशाशी नको. रात्री दोन वाजता चार ओळी विसाव्यांदा वाचून त्यात पाचवी ओळ उगवणार नाहीये. आणि झोपेचं फारच बिघडलं असेल, किंवा हे वाचणाऱ्या आणखी कोणाला त्या बातमीसारखं काही मनात येत असेल, तर १४४१६ हा सरकारचा टेलि-मानसचा नंबर आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. लाजायचं काही कारण नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं. माझं मत सरळ आहे, आण्णांना सांगायचं. ती त्यांची आई आहे, तुझी कोणी नाही खरं तर, म्हणजे रक्ताने म्हणतेय, वाईट वाटून घेऊ नको. ज्याची आई त्याचा पहिला हक्क. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं आणि कोणी सांगायचं यात सगळी गोम आहे, आणि तू पत्रात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्यायस, एक आहे जे कागदावर पक्कं आहे आणि दुसरं जे पेपरवाल्याने लिहिलंय. आधी ते वेगळं करू.

पक्कं काय आहे तर १९५१ च्या मे मध्ये तात्यांची बायको आणि आठ महिन्यांची मुलगी एकाच दिवशी पाण्यात बुडून गेल्या. कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना नंबर १४, गावातले जन्म आणि मृत्यू त्यात लिहायचे, लिहिणाऱ्याला त्यात तिखटमीठ लावायची गरजही नव्हती आणि जागाही नव्हती, एका ओळीत माणूस संपायचा. म्हणून त्यावर मी विश्वास ठेवेन. वयावर मात्र नको हं, २२ लिहिलंय ते अंदाजाने, १९ असेल नाहीतर २५ असेल.

आण्णांचं पण तू जरा घाईने ठरवलंयस, बरोबरच असेल बहुधा, पण १ जून या तारखेवर जाऊ नको. आपल्याकडे अर्धा महाराष्ट्र १ जूनला जन्मलाय, मास्तरांनी पोराकडे बघून वर्ष ठरवायचं आणि शाळा जूनमध्ये सुरू म्हणून तारीख १ जून टाकायची. त्यापेक्षा शाळेच्या जनरल रजिस्टरला दाखल तारीख काय आहे ते बघ. आण्णा पहिलीत १९५४ ला नाहीतर ५५ ला बसले असतील तर ५२ च्या लग्नातलं मूल ते असूच शकत नाही, मास्तर एक-दोन वर्षांनी चुकेल, पाच वर्षांनी नाही चुकणार. आणि त्याच कोतवाल बुकाची ४७ ते ४९ ची जन्माची पानं पण मागून घे. तिथे बऱ्याचदा मुलाचं नाव नसतं, नुसतं 'मुलगा' आणि बापाचं नाव असतं, पण तेवढं पुरे. हे सगळं हातात आल्याशिवाय आण्णांच्या घराची बेल वाजवायची नाही. सत्त्याहत्तरीतल्या माणसाला 'तुमची आई तुमची आई नव्हती' असं सांगून नंतर सॉरी म्हणता येत नाही.

आता ती बातमी. अगं, १९५१ च्या मे मध्ये निफाडकडच्या एका गावातल्या विहिरीपाशी पेपरचा माणूस उभा नव्हता. तालुक्याच्या ठिकाणचा वार्ताहर असायचा, पोलीस चौकीत चक्कर मारायचा, पोलीस पाटलाकडून जे वर आलं असेल ते दोन ओळीत लिहून नाशिकला पाठवायचा, ते तीन-चार दिवसांनी जागा मिळेल तिथे छापून यायचं. 'असे समजते' म्हणजे त्याला कोणीतरी सांगितलं, आता कोणी सांगितलं? सासरच्यांनी? भावकीतल्या एखाद्याने, ज्याचं तात्यांच्या वडलांशी बांधावरून वाकडं होतं? की तिच्या माहेरच्या माणसांनी, रडत रडत? यातलं काहीही असू शकतं आणि चार ओळीत ते कळायला मार्ग नाही.

आणि मे महिना लक्षात घे. मे मध्ये आपल्याकडच्या विहिरी तळाला जातात. तू आता तो मळा बघतेस तेव्हा ठिबक आहे, मोटर आहे, बटण दाबलं की द्राक्षाला पाणी. तेव्हा मोट होती, पाणी खाली गेलं की बायका त्या दगडी पायऱ्या उतरून, नाहीतर नुसत्या खोबण्यांत पाय देत खाली जायच्या, कडेला लेकरू, डोक्यावर घागर, पायरीवर शेवाळ. घरी तीन वर्षांचा पोरगा ठेवून तान्हीला घेऊन पाण्याला गेलेली बाई, यात मला तरी काही वेगळं दिसत नाही, अंगावर पिणारं मूल घरी ठेवून कोण जाईल. पाय घसरलेला असू शकतो.

पण मी तुला फसवणारही नाही. त्या काळात 'पाय घसरला' हे जसं खरं असायचं तसंच ते पांघरूणही असायचं, प्रत्येक गावात एखादी विहीर असतेच जिच्याकडे जुन्या बायका संध्याकाळी बघत नाहीत. आणि कायदा काय होता तेव्हा? हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा, सासरच्या छळाचं ४९८ अ कलम १९८३ चं, हुंडाबळीचं ३०४ ब तर १९८६ चं. १९५१ ला विहिरीत बाई सापडली की पंचनामा, अकस्मात मृत्यू अशी नोंद, पंचांचे अंगठे आणि फाईल बंद. कोणी सासूला विचारत नव्हतं की सुनेला काय म्हणालात म्हणून. मुंबई राज्यात घटस्फोटाचा कायदा १९४७ ला आलेला होता, आता सांग, निफाडच्या मळ्यातली बावीस वर्षांची बाई दोन लेकरं घेऊन कुठल्या कोर्टात जाणार होती.

म्हणजे दोन्ही शक्य आहे. तात्या दोषी असतील, तात्यांची आई दोषी असेल, कोणीच नसेल. हे तुला कधीच कळणार नाही असं धरून चाल, आणि पंच्याहत्तर वर्षांपूर्वीचा पंचनामा मिळेल म्हणून चौकीत खेटे घालू नको, तो वेळ दुसरीकडे लाव. (नाशकात कागदाला तोटा नाही, सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे, गांवकरी हा पेपर १९३८ पासून निघतोय, जुन्या फायली कोणाकोणाकडे असतात. त्याच बातमीच्या पुढच्या दहा-पंधरा दिवसांचे अंक जरूर चाळ, कधी कधी खुलासा छापून येतो. पण तेवढंच. मुंबईच्या पेपरात ही चार ओळींची बातमी यायची शक्यता जवळपास नाही, तिकडे पळू नको.)

फोटो भिंतीवरून काढू नको. तात्यांची बाजू घेतेय म्हणून नाही म्हणत, फोटो काढलास की घरात सगळे विचारणार का काढला, आणि मग आण्णांना कळायच्या आधी सगळ्या नाशिकला कळणार. तुला बघवत नाही तर दुसऱ्या खुर्चीत बस काही दिवस. सायकलवर बसवून नेणारे तात्या खरे होते. १९५१ चे तात्या वीस-पंचवीस वर्षांचे होते, त्यांना तू ओळखत नाहीस, मी तर नाहीच नाही.

आता तो टाक. तू पत्रात शेवटी जाता जाता लिहिलंयस पण मी पत्र वाचताना तिथेच थांबले. तो देव्हाऱ्यातून उचल आणि उजेडात नीट बघ. देवीच्या टाकावर बहुधा हात असतात, शस्त्र असतं, वाहन असतं काहीतरी. नुसती उभी बाई असेल, पदर घेतलेली, हातात काही नाही, आणि चेहरा हळदकुंकू लावून लावून गुळगुळीत झालेला असेल, तर ती देवी नव्हे, ती बाईंची सवत आहे. आपल्याकडे बिजवराला दिलेल्या बाईच्या गळ्यात पहिलीचा टाक घालायची रीत होती, बऱ्याच घरात होती, नवं लुगडं आलं की आधी टाकाला लावायचं मग अंगाला, सणाला हळदकुंकू आधी तिला. लोक म्हणायचे पहिलीने त्रास देऊ नये म्हणून, भीतीपोटी. असेलही. पण बाईंनी तो टाक किती वर्षं गळ्यात वागवला ते बघ ना, १९५२ पासून. तुम्ही नातवंडांनी विचारलं तर देवी म्हणाल्या, दुसरं काय सांगणार लहान पोरांना.

आणखी एक आठव. पितृपक्षात अविधवा नवमीला तुमच्याकडे सवाष्ण जेवायला बोलवायचे का? तात्या असेपर्यंत? घरातली बाई सवाष्ण गेली असेल तरच ती नवमी करतात, आणि बऱ्याच घरात नवरा गेला की बंद होते. आईला विचार, लग्न होऊन आल्यावर पहिल्या काही वर्षात सासूने नवमीला स्वयंपाक करायला लावला का, कोणासाठी असं विचारलं तर काय उत्तर मिळालं. आयांना या गोष्टी बरोब्बर लक्षात असतात. माळ्यावरची जुनी भांडी पण खाली काढ, हंड्यावर १९५२ कोरलंय म्हणतेस तर एखाद्या ताटावर नाहीतर तपेल्यावर दुसरं नाव आणि १९४६-४७ सालातली तारीख असू शकते. लग्नातलं भांडं कोणी मोडीत घालत नाही सहसा.

हे का सांगतेय, तर 'आम्हाला कोणालाच माहीत नाही' असं तू लिहिलंयस ते मला पटत नाही. तुला माहीत नाही. तुझ्या चुलतभावंडांना माहीत नाही. पप्पा 'गाडलेलं उकरू नको' म्हणाले, म्हणजे त्यांना माहीत आहे की काहीतरी गाडलेलं आहे, नाहीतर माणूस विचारतो 'कोण गं ही बाई?'. आणि आण्णा खेड्यात वाढलेत, भावकीत वाढलेत, सत्त्याहत्तर वर्षात एकदाही कोणी भांडणात 'सावत्र' म्हणून बोललं नसेल? शाळेतल्या पोरांनी? लग्नाच्या वेळी मामा म्हणून कोण उभं राहिलं याची कुजबुज झाली नसेल? त्यांच्या लग्नाची पत्रिका असेल तर बघ, मामांच्या यादीत एखादं आडनाव असं सापडेल की जे बाईंच्या माहेरचं नाही. माझा अंदाज आहे आण्णांना निम्मं तरी ठाऊक आहे आणि बाईंना वाईट वाटेल म्हणून त्यांनी आयुष्यभर तोंडातून काढलं नाही, मग बाई गेल्यावर काढायचं कारणच उरलं नाही. अंदाज आहे, चुकू शकते मी. म्हणूनच सांगायच्या आधी विचारायचं.

कोणी विचारायचं? तू नाही. निदान आधी तू नाही. ही गोष्ट भावाने भावाला विचारायची आहे. म्हणून पहिलं काम पप्पा. त्यांना परत 'विचारू का' म्हणून विचारू नको, ते नाहीच म्हणणार. त्यांना कोतवाल बुकाची नक्कल समोर ठेवून हे सांग की पप्पा, ही नोंद मी लपवू शकत नाही कारण दाखला याच नोंदीवर मिळणार आहे. खरं आहे ते. तुम्हाला १९६७ च्या आधीची, बापाकडच्या रक्ताच्या नात्यातली, जात लिहिलेली नोंद हवी, आणि ती ह्या आठ महिन्यांच्या मुलीची आहे, तात्यांची मुलगी म्हणून. वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रात तिला तात्यांच्या खाली दाखवावं लागेल, नाहीतर नोंद जुळणार कशी. ज्या वंशावळीत पणजोबा-आजोबा-वडील-मुलगा एवढेच पुरुष लिहायची सवय आहे तिथे पहिल्यांदा एका मुलीची रेघ काढावी लागणार आहे, आणि तीही कोणती मुलगी बघ. २०२३ ला कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती बसल्यापासून गावोगाव ही जुनी बाडं उघडली गेली, जिल्ह्यांच्या वेबसाइटवर पानं टाकली, किती घरात असं काय काय वर आलं असेल देव जाणे, माझ्याकडेच अशा अर्थाची पत्रं वाढलीत.

तर पप्पांना हे कळलं की ते स्वतःच म्हणतील की आण्णांना ग्रुपवरच्या पीडीएफमधून कळण्यापेक्षा आपण सांगू. नाही म्हणाले तर आईला मध्ये घाल. तरीही नाही म्हणाले तर मग तू जा, पण काकूंना आधी बाजूला घेऊन सांग, कारण गोळ्या कुठल्या वेळेला घेतात, रात्री त्रास झाला तर काय करायचं, हे त्यांना माहीत असतं, तुला नाही.

जाल तेव्हा सकाळचं जा, चहा-नाश्ता झाल्यावर. रात्री नको, सणाला नको, डॉक्टरकडे जायच्या दिवशी नको. कागद पिशवीतच राहू दे. पप्पांनी नुसतं म्हणायचं, 'आण्णा, बाईंच्या आधी घरात कोणी होतं का हो?' आणि गप्प बसायचं. ही गप्प बसायची गोष्ट अवघड आहे, आपल्याकडे दोन मिनिटं शांतता झाली की कोणीतरी 'चहा ठेवू का' म्हणतं. नका म्हणू. ते बोलले तर ऐकायचं, नाही म्हणाले, उठून गेले, तर त्या दिवशी विषय बंद, पिशवी तशीच घरी. बोलले तर कोतवाल बुकाची नक्कल दाखवायची आणि सांगायचं, तुमची धाकटी बहीण पण होती. हे त्यांना नक्की माहीत नसणार असं मला वाटतं. आईपेक्षा त्यांना बहिणीचाच धक्का जास्त बसेल बघ, कारण आईच्या जागी बाई आल्या, बहिणीच्या जागी कोणी आलं नाही.

बातमी मात्र आपणहून दाखवायची नाही. त्यांनी विचारलं 'कशी गेली' तर 'विहिरीत बुडून' एवढं सांगायचं, ते नोंदीत आहे, खरं आहे. 'मुद्दाम का?' असं विचारलंच तर खोटं बोलायचं नाही, पेपरात असं आलं होतं पण ऐकीव आहे, खात्री नाही, असं जसं आहे तसं सांगायचं आणि हवं तर वाचायला द्यायचं. ज्याला विचारायचंय त्याला उत्तर मिळावं, ज्याला नको त्याच्या अंगावर फेकू नये. आणि एक वाक्य पप्पांच्या तोंडून यायलाच हवं, बाईंबद्दलचं. टाक घेऊन जा सोबत. टाकावर खरंच बाई निघाली तर तो आण्णांच्या हातात द्या. बाईंनी त्यांना सांगितलं नाही हे खरं, पण ज्या बाईचा मुलगा वाढवला तिला रोज गळ्यात घेऊन वाढवला, हे त्यांना कळू दे. टाक कोणाच्या देव्हाऱ्यात राहील ते नंतर ते ठरवतील, तुझं त्यात मन अडकलं असलं तरी.

चुलतभावाला आज मेसेज टाक, 'नकला पूर्ण यायच्यात, दोन आठवडे थांब, एकदम देते'. खोटं नाही, जन्माची पानं यायचीच आहेत. बातमीचा फोटो फाईलला लागत नाही, तो कोणालाच पाठवू नको, अगदी एकाला पण नको. आपल्या घरच्या ग्रुपवर एकदा गेलं की बारामतीच्या मावसबहिणीपासून दुबईच्या भाच्यापर्यंत सगळे 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकून मोकळे होतील आणि आण्णा चष्मा लावून ते वाचत बसतील. आण्णांशी बोलणं झालं की त्यांच्या मुलाला काय आणि कधी सांगायचं ते आण्णा बघतील, त्याची ती सख्खी आजी आहे, तुझी नाही.

तिच्यासाठी काही करायचं का म्हणतेस. ते पण आण्णांनी ठरवायचं. पण एक सावध करते, नाशिकमध्ये राहतेस म्हणून. ही गोष्ट चार लोकांना कळली की कोणीतरी म्हणणारच, त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करा, तीन दिवसांचा विधी आहे, तुमच्या घरातल्या अडचणी त्यामुळेच आहेत. आण्णांना मनापासून वाटलं तर जरूर करा, माझा विधीला विरोध नाही, माणसाला रडायला एक जागा मिळते. पण भीती घालून कोणी करायला लावत असेल तर सरळ नमस्कार करून निघा. बावीस वर्षांची पोर गं ती, तुमच्या पोरांच्या परीक्षा बिघडवत कशाला बसेल. तिचं आणि लेकीचं नाव घेऊन रामकुंडावर तर्पण केलंत, किंवा नवमीला एका बाईला पोटभर जेवू घातलंत, तरी झालं. ते अंगण कुठलं, विहीर कुठली हे विचारत गावात मात्र हिंडू नका.

माहेरचा शोध हा वेगळा विषय आहे. आण्णांना मामाकडचे कोणी आहेत का हे बघायचं असेल, आणि त्यांनी तसं स्वतः म्हटलं तरच, तर पेपर सोडून दे आणि तीर्थोपाध्यायांच्या नामावळीकडे जा, म्हणजे रामकुंडावरच्या गुरुजींकडच्या यजमानांच्या चोपड्यांकडे. निफाडकडची माणसं अस्थी घेऊन रामकुंडावरच येणार, दुसरीकडे कुठे जातील. १९५१ च्या मे-जूनमध्ये तात्या नाहीतर तात्यांचे वडील आले असतील तर गुरुजींच्या चोपडीत लिहून गेले असतील, कधी कधी स्वतःच्या हाताने, कोणाचं काय करायला आलो, घरात कोण कोण आहे, बायकांची नावं, मुलांची नावं. सरकारी वंशावळीत नसतात त्या बायका तिथे असतात. आण्णांचं नाव, तीन वर्षांच्या पोराचं, त्याच पानावर निघालं तर तुझ्या सगळ्या हिशोबाला दुसरा पुरावा लागायचा नाही. तिच्या माहेरच्यांनी वेगळं येऊन काही केलं असेल तर ते त्यांच्या गुरुजींकडे असणार, त्यासाठी आधी माहेरचं गाव आणि आडनाव लागेल, ते आण्णांच्या लग्नपत्रिकेतून नाहीतर गावातल्या एखाद्या नव्वदीच्या म्हातारीकडून. जाताना आडनाव, मूळ गाव आणि पणजोबांचं नाव तिन्ही लिहून ने, नुसत्या आडनावावर गुरुजींना चोपडी सापडत नाही, आणि पंचवटीत सकाळी गर्दी असते तर दुपारी चारनंतर जा. आण्णांना चालवत असेल तर त्यांनाही ने.